पाठचे भावंड आणि थोरल्याचे दूध

वर्षसव्वा वर्षाचे मूल अंगावर पीत असताना आईला पुन्हा दिवस राहिले, की घरात पहिली आज्ञा सुटते ती बहुधा त्या मुलासंबंधी. ‘अगं, आता याला अंगावरून तोड, पोटुशीचे दूध बाधते,’ असे सासूबाई सांगतात, शेजारच्या काकू त्याला दुजोरा देतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरफडीचा गर किंवा कडुनिंबाचा वाटलेला पाला छातीला लावला जातो. मूल तोंड लावते, कडू लागताच रडते, पुन्हा तोंड लावते. दोनतीन रात्रींत प्रकरण मिटते. आई मात्र त्या रात्री जागून काढते, आणि आपण त्या मुलाचे काही हिरावून घेतले ही रुखरुख तिच्या मनात पुष्कळ दिवस राहते. जी आई दूध तोडत नाही, तिच्या वाट्याला दुसरी रुखरुख येते. पुढे थोरल्याला साधा पडसे-खोकला झाला किंवा धाकटे वजनाने कमी भरले, तरी बोट तिच्याकडेच दाखवले जाते.

या घाईमागे दुष्टावा नसतो, अनुभव असतो. पाठचे भावंड लवकर आले की थोरले वाळते, हे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून पाहिलेले आहे. पाहिलेले खरे होते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की त्याचे जे कारण ठरवले गेले ते बरोबर होते काय?

मुळात अंगावर पाजत असताना दिवस राहतातच कसे, याचे पुष्कळांना नवल वाटते. ‘मूल पिते आहे तोवर भीती नाही’ हा समज सर्वत्र आहे आणि तो अर्धा खरा आहे. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी त्याची मर्यादा आखून दिली. मूल सहा महिन्यांच्या आतले असावे, ते केवळ आईच्याच दुधावर असावे आणि आईची पाळी परत सुरू झालेली नसावी. या तिन्ही अटी पुऱ्या होत असतील तर शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव स्त्रियांना दिवस राहत नाहीत. यांतली एक अट सुटली की भरवसाही सुटला. शिवाय स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटते. तेव्हा बाळंतपणानंतरची पहिली पाळी येण्यापूर्वीच दुसरा गर्भ राहू शकतो. अशा वेळी चुकण्यासारखी पाळीच नसल्याने आईला कित्येक आठवडे काहीच कळत नाही. दूध कमी झाले, स्तनाग्रे हुळहुळू लागली, मूल चिरचिरे झाले, म्हणजे मग शंका येते. तोपर्यंत ते मूल ‘पोटुशीचे दूध’ महिना-दीड महिना पीतच आलेले असते, आणि त्याला काही झालेले नसते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आयुर्वेदाने या अवस्थेची दखल फार पूर्वी घेतली. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात बालरोगांच्या प्रकरणात ‘पारिगर्भिक’ नावाचा एक विकार सांगितला आहे. गर्भिणी मातेचे दूध पिणाऱ्या बालकाला खोकला होतो, अग्नी मंदावतो, ओकाऱ्या येतात, तंद्री लागते, अंग वाळते, अन्नावरची रुची जाते, आणि पोट मात्र मोठे दिसते, असे त्याचे वर्णन आहे. या विकाराचे दुसरे नावही तेथे दिलेले आहे, ते ‘परिभव’. परिभव म्हणजे पराभव, अवमान. ज्याचे स्थान दुसऱ्याने घेतले त्या मुलाच्या दुखण्याला प्राचीन वैद्यांनी हे नाव द्यावे, यावरून त्यांचे लक्ष केवळ नाडीकडे नव्हते असे दिसते. उपाय म्हणून त्यांनी मुलाचा अग्नी प्रदीप्त करण्यास सांगितले, म्हणजे ते अन्न घेऊ लागेल आणि त्याला ते पचू लागेल अशी तजवीज करण्यास सांगितले. दूध बाधते ही अर्धी ओळ लोकांनी पाठ केली. मुलाचे अन्न सुधारा ही पुढची ओळ विसरली गेली.

या कथेचा दुसरा धागा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडतो. आजचा घाना देश तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असून ‘गोल्ड कोस्ट’ म्हणून ओळखला जात होता. जमैकात १८९३ साली जन्मलेल्या आणि ऑक्सफर्डला शिकलेल्या डॉक्टर सिसिली विल्यम्स या १९२९ साली तेथे सरकारी वैद्यकीय सेवेत रुजू झाल्या. त्यांच्यापुढे वारंवार एकाच प्रकारची मुले येऊ लागली. वय एक ते चार वर्षांचे. हातापायांवर सूज, पातळ शौच, सतत किरकिर, आणि काळवंडून सोलवटणारी कातडी. तान्ही मुले बहुधा धडधाकट असत. आजारी पडत ती अंगावरून तुटलेली मुले. त्यांना दुधाऐवजी मिळे ती जवळजवळ केवळ आंबवलेल्या मक्याची पेज. विल्यम्सबाईंनी १९३३ साली या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. तो मुळी नवा रोगच नव्हे, पेलाग्राचाच एक प्रकार होय, असे म्हणणारे विद्वान तेव्हा निघालेच. परंतु बाईंनी आपले म्हणणे सोडले नाही. १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिताना त्यांनी या रोगाला अक्रा शहराच्या परिसरातील गा लोकांच्या भाषेतले नाव दिले, ‘क्वाशिओरकोर’. पाठचे मूल जन्माला आले म्हणजे पदच्युत झालेल्या मुलाला होणारे दुखणे, असा त्याचा अर्थ त्यांनी नोंदवला.

एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन समाजांनी एकाच मुलाकडे पाहून जवळजवळ एकच नाव ठेवले. एकाने परिभव म्हटले, दुसऱ्याने पदच्युती. या साम्यावरून दोन्ही रोग एकच होत असे म्हणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. माधवनिदानातील वर्णनात अंगावरची सूज नाही, आणि क्वाशिओरकोरचे तर ते मुख्य लक्षण. निव्वळ प्रथिनांच्या अभावाने हा रोग होतो ही १९५० नंतरच्या काळात सर्वमान्य झालेली उपपत्तीही पुढे अपुरी ठरली. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉक्टर सी. गोपालन यांनी १९६८ च्या सुमारास दाखवून दिले, की सारख्याच आहारावर वाढणाऱ्या मुलांपैकी काहींना सूज येते तर काही नुसती सुकत जातात. जंतुसंसर्ग, आतड्यांची अवस्था अशा अनेक गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. तथापि विल्यम्सबाईंच्या निरीक्षणातील गाभा आजही टिकून आहे. त्या मुलांना आईच्या दुधाने काही केले नव्हते. दूध गेले, आणि त्या जागी जे आले त्यात पोट भरण्यापलीकडे फारसे काही नव्हते, हे त्यांचे दुखणे होते.

मग गर्भारपणात दुधाचे नेमके काय होते? ते नासत नाही, विषारी होत नाही. गर्भ टिकवण्यासाठी शरीरात जे अंतःस्राव वाढतात, तेच दूध तयार होण्याला आवर घालतात. त्यामुळे दूध हळूहळू कमी होते. बहुतेक स्त्रियांना हा फरक चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत स्पष्ट जाणवतो. पुढे त्याचे रूपही पालटते. साखरेचा अंश उतरतो, क्षारांचा चढतो, आणि नव्या बाळासाठीचा चीक तयार होऊ लागतो. गोड दूध किंचित खारट झाले की पुष्कळ मुले आपण होऊन तोंड फिरवतात. कोरफडीची गरजच पडत नाही. काही मुले मात्र जवळजवळ कोरड्या स्तनाशीही केवळ आईच्या ऊबेसाठी चिकटून राहतात. त्यांच्या बाबतीत धोका असा, की मूल दिवसभर अंगावर दिसते म्हणून त्याचे पोट भरत आहे असे घर समजून चालते. आजीच्या डोळ्यांसमोर ‘पोटुशीचे दूध पिऊन वाळलेले’ जे मूल असते, ते पुष्कळदा हेच. ते दुधाने नव्हे, दूध नसल्याने वाळलेले असते.

दुसरी भीती पोटातल्या जीवाची. मूल स्तन ओढते तेव्हा आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटतो आणि त्याने गर्भाशय आकुंचन पावते, हे खरे. बाळंतिणीला पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या यामुळेच. परंतु गर्भारपणाच्या पूर्वार्धात गर्भाशय या स्रावाला फारसे दाद देत नाही. त्याची ती संवेदना दिवस भरत येतात तशी वाढते. निरोगी गर्भारपणात थोरल्याला पाजल्याने अकाली प्रसूती होते असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही. याचा अर्थ सर्वांना सरसकट मुभा आहे असा नव्हे. अंगावरून रक्त जात असेल, पूर्वी दिवस भरण्याआधी बाळंतपण झाले असेल किंवा वारंवार गर्भपात झाले असतील, जुळे असेल, गर्भाशयाचे मुख सैल असल्याने टाका घातला असेल, किंवा डॉक्टरांनी पतिपत्नीसंबंध वर्ज्य सांगितला असेल, तर पाजणे चालू ठेवावे की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पाजताना आलेली कळ पाजणे थांबवल्यावरही राहिली आणि ठरावीक अंतराने येऊ लागली, तर ‘बघू सकाळी’ म्हणू नये.

आता तिसऱ्या जीवाकडे वळले पाहिजे, ज्याचे नाव या सगळ्या चर्चेत सर्वांत शेवटी येते. ग्वातेमाला देशाच्या पूर्वभागातील चार गरीब खेड्यांत १९६९ ते १९७७ या काळात मध्य अमेरिकेतील पोषण संस्थेने माता-बालकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्या नोंदींवरून १९९० साली जे विवेचन प्रसिद्ध झाले, त्यात असे आढळले की तेथील सुमारे निम्म्या गर्भारपणांत आई थोरल्याला पाजतच होती. म्हणजे ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हे. गरिबांच्या वस्तीत तो नित्याचा प्रकार होता. अशा स्त्रिया संस्थेकडून मिळणारा पूरक आहार इतरांपेक्षा अधिक घेत, आणि तरीही त्यांच्या अंगावरची चरबी घटत होती. पोटातल्या गर्भाच्या वाढीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे दोन्ही मुलांचा खर्च निसर्गाने चालवला खरा, पण तो आईच्या गाठीचे मोडून. दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर असावे आणि मूल दोन वर्षांचे होईपर्यंत पुढचे दिवस राहू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी.

ही गाठ पुन्हा कशी बांधायची? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेल्या प्रमाणांनुसार गर्भिणीला रोजच्या आहाराखेरीज ३५० कॅलरी जास्त लागतात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० कॅलरी जास्त लागतात. दहा महिन्यांचे मूल अंगावर आणि दुसरे पोटात असलेल्या स्त्रीला कागदावर दोन्हींची बेरीज लागते. दूध कमी होत जाते तशी ती उतरते इतकेच. ३५० कॅलरी म्हणजे सुमारे एक मोठी भाकरी आणि वाटीभर घट्ट वरण. एवढे तिच्या पानात वाढणे ही काही श्रीमंतीची बाब नव्हे. परंतु ज्या घरांत सून सर्वांच्या मागून जेवते आणि भांड्याच्या तळाशी उरले ते तिचे, अशी रीत अजून आहे, तेथे ही बेरीज कधीच जमत नाही. अशा घरात थोरल्याचे दूध तोडल्याने काय साधते? आईच्या ताटात एक घासही वाढत नाही. थोरल्याच्या तोंडचा मात्र जातो.

लोहाची बाबही अशीच. गर्भारपणी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस घ्यावी, असा सरकारी आरोग्य कार्यक्रम आहे. पहिल्या बाळंतपणानंतरच्या गोळ्या पुऱ्या होतात न होतात तोच ज्या स्त्रीला पुन्हा दिवस राहतात, तिचे रक्त तपासून घेणे अगत्याचे आहे. गोळी चहाबरोबर घेऊ नये. चहाने लोह अंगी लागत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडीचा येथे चांगला उपयोग होतो. गर्भिणीसाठी ६०० कॅलरींचा, तर सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी ५०० कॅलरींचा पूरक आहार तेथे ठरलेला आहे. हे दोन वेगळे वाटे आहेत. नाव एकाचेच नोंदवले म्हणून एकच वाटा घरी यावा आणि तो आल्यावर साऱ्या कुटुंबात पसरावा, असे पुष्कळदा घडते. दोघांचीही नावे नोंदवून घ्यावीत आणि थोरल्याचे वजन दर महिन्याला तेथेच करवावे. दूध पुरते की नाही हा वाद सासू-सुनेने घालण्यापेक्षा वजनाच्या काट्यावर सोपवलेला बरा.

थोरल्याच्या वाटीत काय असावे, याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण खरा निकाल तेथेच लागतो. अक्र्याच्या मुलांना मक्याची पेज मिळाली. आपल्याकडे कोकण-गोव्यात भाताची पेज आणि घाटावर वरणाचे पाणी तेच काम करते. वरणाचे पाणी म्हणजे डाळीचे सत्त्व, हा भ्रम फार चिवट आहे. सत्त्व खाली राहते आणि मुलाला पाणी मिळते. मुलाला घट्ट वरण आणि मऊ भात एकत्र कुस्करून, वर चमचाभर तूप घालून द्यावा. नाचणीची पेज द्यायची तर ती चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट असावी आणि तीत दूध किंवा बारीक वाटलेले शेंगदाण्याचे कूट घालावे. दुधात कुस्करलेली भाकरी, केळे, शिजवून घोटलेला लाल भोपळा, पालेभाजी, दही आणि ज्यांना चालते त्यांच्या घरी अंडे व मासळी, हे सर्व वर्षाच्या आतल्या मुलालाही चालते. मासळीतले काटे तेवढे निवडून काढावेत. अंगावर पिणाऱ्या मुलाला सहा ते आठ महिन्यांत दिवसातून निदान दोनदा, नऊ महिन्यांनंतर निदान तीनदा असे अन्न हवे. जे मूल अंगावर पीत नाही त्याला ते निदान चारदा हवे, आणि त्याशिवाय वरचे दूध हवे. दूध आटू लागलेल्या आईचे मूल या दुसऱ्या वर्गात धरून चालणेच शहाणपणाचे.

सर्वांत नाजूक स्थिती असते ती सहा महिन्यांच्या आतल्या मुलाची. ते सर्वस्वी दुधावर असते, त्याला भात-वरण देता येत नाही, आणि दूध तर कमी होत जाणार असते. अशा वेळी घरगुती प्रयोग करू नयेत. मुलाला आणि आईला ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने वजन करून वरचे दूध लागते काय, कोणते आणि किती, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. पाणी घातलेले दूध बाटलीने पाजणे हा तर सर्वांत वाईट मार्ग होय. त्यातून उपासमार आणि हगवण एकदमच घरात शिरतात.

काही स्त्रियांना या दिवसांत पाजणे नकोसे होते. स्तनाग्रे इतकी दुखतात की मूल तोंड लावताच डोळ्यांत पाणी यावे. कित्येकींना पाजताना मळमळते. अशा आईने पाजलेच पाहिजे असा आग्रह धरणे हाही जुलूमच. तिला थांबायचे असेल तर थांबावे, पण एका रात्रीत नव्हे. एकदम तोडल्याने मूल बावरते आणि आईची छाती दाटून गाठी धरतात. दुपारचे एक पाजणे आधी सोडावे, चारपाच दिवसांनी दुसरे, आणि रात्रीचे शेवटी. ज्या वेळचे पाजणे सोडले त्या वेळी वाटीतले खाणे तयार असावे. रात्री मुलाला थोपटून निजवण्याचे काम वडिलांनी किंवा आजीने घ्यावे. ज्या आजीने तोड म्हणून सांगितले, तिने रात्री नातवाला कुशीत घेतले तर तो सल्ला पूर्ण होतो. मूल आजारी असताना किंवा तापात असताना मात्र दूध तोडू नये.

थोरल्याचे पाजणे बाळंतपणापर्यंत टिकले, तर पुढे दोघांनाही पाजता येते. अशा मातांचे दूध दोघांच्या ओढण्याने वाढते. मात्र पहिला हक्क तान्ह्याचा. पहिल्या काही दिवसांचा चीक थोरल्याने पिऊन संपत नाही, तरीही आधी तान्ह्याला पाजावे आणि मग थोरल्याला घ्यावे. तान्ह्याला दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा लागते, आणि थोरल्याची ओढ जोरकस असल्याने तो पुढे घुसला तर धाकटा दमून झोपी जातो. थोरल्याला पूर्वीच तोडलेले असले, तरी धाकट्याला पाहून तो पुन्हा मागतो. मागू द्यावे, एकदोनदा तोंड लावू द्यावे. बहुतेकांना ओढायचे कसे याचाच विसर पडलेला असतो. जो पीतच आहे त्याचे पोट या दिवसांत किंचित सैल होते, तेव्हा घाबरून औषध देऊ नये. तो चिकाचा गुण आहे. तीनचार दिवसांनी दूध उतरले की ते आपोआप ठिकाणावर येते.